केबल आवळून एलेरॉन सरळ होत नाही भाऊ! (वाचकांचे प्रश्न न उत्तरं)

प्रश्न : नमस्कार दादा. मी न माझा साळा मिळून वावरातल्या टिनाच्या शेडमध्ये दोन सीटचं हलकं विमान बनवून राहिलो. ड्रॉइंग विकत घेतलेली आहे, बॉडी स्टील पाइपची न पंखाचे स्पार (आतले मुख्य दांडे) ॲल्युमिनियमचे. परवानगीचे कागद सुरू आहेत, अजून उडवायचं नाही. अडचण अशी का स्टिक (वैमानिकाच्या हातातला दांडा) बरोबर मधात ठेवली तर उजवा एलेरॉन (पंखाच्या मागचा, विमान डावं-उजवं झुकवणारा हलता भाग) मागच्या कडेला १२ मिलिमीटर खाली लोंबते. मंग आम्ही टर्नबकल (केबल आवळायचा-सोडायचा आट्यांचा जोड) आवळून त्याले बरोबर आणलं. पण आता उजवा एलेरॉन वर २३ डिग्री जाते न डावा १७ च, ड्रॉइंगमध्ये दोन्ही २० आहेत. स्टिकबी जड झाली, दुपारी तर लयच जड होते. एलिव्हेटर (शेपटीचा, नाक वर-खाली करणारा भाग) मात्र दुपारीबी तसाच हलका. आता कोणतं टर्नबकल किती फिरवू ते सांगा. (आर्वी तालुका, जि. वर्धा)

उत्तर : कोणतंच नाही. उलट जे आवळलं ते पहिले सोडा.

तुमच्या पत्रातच सगळं उत्तर आहे राजेहो, फक्त कोणता भाग कोणतं काम करते ते वेगळं करून पाहा. स्टिकपासून केबल निघते, ती पुलीवरून पंखात जाते, तिथं बेलक्रँकला (खिळीवर फिरणारा कोनाच्या आकाराचा तुकडा) जोडलेली असते, अन बेलक्रँकपासून एक छोटा पुशरॉड (ढकलायचा-ओढायचा दांडा) एलेरॉनच्या हॉर्नला (एलेरॉनवरचा छोटा दांडा) जाते. दोन्ही पंखातले बेलक्रँक एकमेकांना बॅलन्स केबलनं बांधलेले. म्हणजे केबलचं काम बेलक्रँक फिरवायचं, अन बेलक्रँक मधात असताना एलेरॉन कुठं बसावा हे ठरवायचं काम पुशरॉडच्या लांबीचं. तुम्ही पुशरॉडचं काम केबलकडून करून घेतलं. एलेरॉन दिसायला जाग्यावर आला पण त्याच्यासाठी बेलक्रँक आपल्या मधल्या जागेवरून सरकला. आता बेलक्रँकचा कोन चुकला की पुढचा सगळा हिशोब चुकते, कारण एलेरॉन वर जास्त न खाली कमी जावा म्हणून डिझाइन करणाऱ्यानं मुद्दाम तो कोन तसा ठेवलेला असते (खाली जाणारा एलेरॉन जास्त ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, देते न विमानाचं नाक वळणाच्या उलट्या बाजूला ओढते, ते कमी करायला हा फरक). बेलक्रँक तिरपा बसला म्हणून एका बाजूला २३ न दुसऱ्या बाजूला १७. तुमच्या मोजण्यात काही गडबड नाही, मोजणं एकदम बरोबर आहे.

आस वाकडा झालेली बंडी एका बाजूला ओढते म्हणून बैलालेच हाणत बसावं तसं होऊन राहिलं हे.

आता करायचं कसं. सगळ्यात पहिले केबल ढिल्या करा न एलेरॉन विसरा, पंख पाहा. विमान ड्रॉइंगमध्ये दिलेल्या लेव्हलच्या जागांवर लेव्हल करा, दोन्ही दिशेनं, चाकाखाली फळ्या घालून. मोबाइलचं ॲप नका वापरू, मोबाइलच्या मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असते न तो नेमका दगा देते. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घ्या, पाण्यात थोडी नीळ टाका म्हणजे रेघ दिसते, बुडबुडा एकही नको, अन नळीचा अर्धा भाग उन्हात अर्धा सावलीत असं ठेवू नका. एवढ्या साध्या नळीनं एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक-दोन मिलिमीटरचा फरक पकडता येते, काळजीनं केलं तर. मग दोन्ही पंखांचा बसण्याचा कोन सारखा आहे का, टोकाकडचा पीळ दोन्हीकडे सारखा आहे का, स्ट्रट (पंखाला टेकू देणारे दांडे) सारख्या लांबीचे आहेत का हे तपासा. कारण तुम्ही एलेरॉन जुळवून राहिले कशाशी? पंखाच्या मागच्या कडेशी. ती कडच जर पिळलेली असेल तर तुमचे १२ मिलिमीटर एलेरॉनचे नाहीच, पंखाचे आहेत. म्हणून मी कडेशी न जुळवता रिबच्या (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळीच्या) आकाराचा प्लायवुडचा साचा कापून तो पंखाखाली लावून पाहायला सांगतो, साचा खोटं बोलत नाही.

पंख बरोबर निघाले तर मग स्टिक मधात आणून लाकडी ठोकळ्यानं पक्की करा. दोन्ही बेलक्रँक ड्रॉइंगच्या मापानं मधात आणून पिन किंवा जिगनं अडकवा. आता केबल लावा न टर्नबकल फिरवा, पण एक आवळायचं तर त्याच्या विरुद्धचं तेवढंच सोडायचं, नाहीतर मध सरकते न ताण वाढते दोन्ही एकदमच. ताण किती ठेवायचा हे ड्रॉइंग सांगेल, अशा छोट्या विमानात एक अष्टमांश इंची केबलला साधारण २० ते ४० पाउंडांच्या घरात असते, पण तुमच्या ड्रॉइंगमध्ये जो आकडा असेल तोच घ्यायचा, माझा नाही. अन तो टेन्शन मीटरनं मोजायचा, बोटानं दाबून "हं, ठीक वाटते" असं नाही. मीटर महाग आहे हे मला माहीत आहे, पण तो रोज लागत नाही, कोणाचा तरी मागून आणा.

हे सगळं झाल्यावर सगळ्यात शेवटी पुशरॉड. तुमचा एलेरॉन हिंजपासून (बिजागरीपासून) मागच्या कडेपर्यंत २५ सेंटिमीटर धरला तर एक डिग्री म्हणजे मागच्या कडेला जवळपास ४.४ मिलिमीटर, म्हणजे तुमचे १२ मिलिमीटर झाले पावणेतीन डिग्री. हॉर्न ५ सेंटिमीटरचा असेल तर पुशरॉडची लांबी फक्त अडीच मिलिमीटरच्या आसपास बदलायची आहे. पाव इंची रॉड एंडला (पुशरॉडच्या टोकाचा बेअरिंगवाला आट्यांचा तुकडा) इंचाला २८ आटे असतात, एका फेऱ्याला ०.९ मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन फेऱ्यांचं काम! अन त्याच्यासाठी तुम्ही पूर्ण केबल ओढून धरली होती. रॉड एंड फिरवताना आटे आत किती राहिले ते पाहा, पुशरॉडला तपासणीचं बारीक भोक असते त्यात तार घालून पाहायची, तार आरपार गेली म्हणजे आटे कमी बसलेत. लॉकनट आवळायचा. अन रॉड एंडच्या बोल्टला मोठा वॉशर हवाच, उद्या बेअरिंगची गोळी निसटली तरी रॉड बोल्टवरून निघून जाणार नाही म्हणून.

टर्नबकल लॉक करायच्या आधी दोन्ही टोकांचे आटे पाहा, बॅरलच्या बाहेर एका बाजूला तीनपेक्षा जास्त आटे दिसले तर केबलची लांबीच चुकलेली आहे, नवीन बनवा. मग टर्नबकल आपोआप फिरू नये म्हणून सेफ्टी वायर. वायर शेवटी दांड्याभोवती कमीत कमी चार वेढे.

आता दुपारचं. तुम्ही लिहिलं की एलिव्हेटर दुपारी तसाच राहते न एलेरॉन जड होते, हे वाचून मला मजा आली कारण बिघाड नाहीच तो. एलिव्हेटरची केबल स्टीलच्या बॉडीतून जाते, उन्हानं बॉडीही वाढते न केबलही जवळपास तेवढीच वाढते, ताण तसाच. एलेरॉनची केबल ॲल्युमिनियमच्या पंखातून जाते. ॲल्युमिनियम मीटरला एका डिग्रीला ०.०२३ मिलिमीटर वाढते, साधं स्टील ०.०१२. दोन्ही पंख मिळून ९ मीटर धरा, सकाळी २५ डिग्री न दुपारी टिनाखाली ४५, तर पंख वाढला ४ मिलिमीटरच्या वर न केबल दोनच्या थोडी वर. मधले दोन मिलिमीटर केबलनं ताणून भरायचे, म्हणून स्टिक जड. तुम्ही आधीच जास्त आवळली होती, त्यात ही भर. स्टेनलेसची केबल असेल तर फरक कमी पडते, ती जास्त वाढते. पण खरा धोका याच्या उलटा आहे. मे महिन्याच्या दुपारी तुम्ही ताण बरोबर सेट केला न डिसेंबरात आर्वीला १० डिग्रीच्या पहाटे विमान काढलं तर हीच केबल साडेतीन मिलिमीटर ढिली पडेल, ढिली केबल पुलीवरून उतरू शकते न एलेरॉनला फडफडायला जागा मिळते. म्हणून ताण नेहमी सकाळी सावलीत, विमान रात्रभर त्याच तापमानात राहिल्यावर सेट करा, तापमान वहीत लिहा, अन ड्रॉइंगसोबत तापमानाचा तक्ता असेल तर त्याच्यानंच चाला.

राहिले स्टॉप (हालचाल अडवणारे ठोकळे). २० डिग्री वर न ड्रॉइंगमध्ये असेल तितकं खाली, हे स्टॉपनं अडवायचं, केबल ताणून अडवायचं नाही. स्टिक पूर्ण टोकाला नेल्यावर एलेरॉनकडचा स्टॉप पहिले लागला पाहिजे न नंतर स्टिकचा.

अन उडाल्यावर एक पंख जड वाटला तर छोटी पट्टी लावून ट्रिम करता येते, जो पंख खाली पडते त्या एलेरॉनची पट्टी थोडी वर वाकवायची म्हणजे हवा एलेरॉनला खाली ढकलते. पण ते शेवटचं औषध. पंखाचा कोन चुकला असताना पट्टी वाकवत बसलेले लोक मी पाहिले आहेत, पट्टी वाढत जाते न विमान तिरपंच उडते.

प्रश्न : पहिल्यांदा टॅक्सी (विमान जमिनीवर चालवणं) करायच्या आधी एकच गोष्ट चेक करायची असली तर कोणती? (पुसद)

उत्तर : एकच कशी चालेल, पण विचारलंच आहे तर दिशा. स्टिक डावीकडे नेली तर डावा एलेरॉन वर, उजवा खाली. स्टिक पोटाकडे ओढली तर एलिव्हेटरची मागची कड वर. उजवा पेडल दाबला तर रडर (शेपटीचा उभा, नाक डावं-उजवं वळवणारा भाग) उजवीकडे. स्टिक धरून अंगठा वर उभा ठेवा न स्टिक झुकवा, अंगठा ज्या बाजूला झुकला त्या बाजूचा एलेरॉन वर गेला पाहिजे, एवढं ध्यानात राहते.

हे वाचून हसाल, म्हणाल इतकं कोण चुकते. ब्रिटनचं लँकेस्टर बॉम्बर ज्यांनी डिझाइन केलं ते रॉय चॅडविक २३ ऑगस्ट १९४७ ला वुडफर्डला ॲव्ह्रो ट्युडर विमानाच्या चाचणीत गेले, टेकऑफ होताच विमान कोसळलं, कारण दुरुस्तीत एलेरॉनच्या केबल उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. कंपनी मोठी, माणसं हुशार, विमान त्यांचंच. अन ही जुन्या जमान्याची गोष्ट नाही, नोव्हेंबर २०१८ मध्ये पोर्तुगालमध्ये एअर अस्तानाचं एंब्राएर जेट मोठ्या मेन्टेनन्सहून निघालं न हवेत गेल्या गेल्या बेकाबू झालं, तिथंही एलेरॉनच्या केबलचा रस्ता चुकलेला. वैमानिकांनी जिवाची बाजी लावून बेजाच्या हवाईतळावर उतरवलं म्हणून वाचले. केबलमध्ये हात घातला की दरवेळी दिशा पाहायची, अन ज्यानं ते काम केलं नाही अशा माणसाकडून पाहून घ्यायची. ज्यानं केलं त्याला ते बरोबरच दिसते.

प्रश्न : रडरसाठी मोटरसायकलची क्लच वायर चालेल का, बाजारात लगेच मिळते. नवीनच घेऊ. (गोंदिया जिल्हा)

उत्तर : नाही. नवीन घेतली तरी नाही.

विमानाची एक अष्टमांश इंची कंट्रोल केबल म्हणजे सात लडी, प्रत्येक लडीत १९ तारा, एकूण १३३. म्हणून ती पुलीवरून वळत राहिली तरी लवकर थकत नाही. गॅल्व्हनाइज्ड असेल तर तुटायला २००० पाउंड लागतात. क्लच वायर बाहेरच्या खोळीत सरकायला बनलेली, पुलीवर फिरायला नाही, अन तिच्या टोकाला जो गोळा असते त्याच्या भरवशावर मी तर झोका पण बांधणार नाही. टोकाला थिंबल (केबलच्या फासात बसणारी धातूची कडी) न तांब्याची स्लीव्ह लागते, दाबायचं हत्यारही बरोबर मापाचं, अन दाबून झाल्यावर गेजनं तपासायचं. नळाच्या दुकानात मिळणारे यू बोल्टवाले क्लिप दिसायला मजबूत दिसतात, तेही नको.

जुनी केबल तपासायची असली तर सुती फडकं घ्या न केबलवरून पूर्ण लांबी फिरवा, तार तुटली असेल तिथं धागा अडकते. तुमच्या धानाच्या जिल्ह्यातही सुती फडक्याची कमी नाही. नुसता हात फिरवू नका, तार कातडीत घुसते. अन पुलीवर टेकलेला भाग तसा दिसत नाही, रडर या टोकापासून त्या टोकापर्यंत हलवून तो भाग बाहेर आणून पाहा, बहुतेक तारा तिथंच तुटतात.

प्रश्न : शेडमधल्या उंदरांनी एलिव्हेटरचं कापड मागच्या बाजूनं कुरतडलं. आम्ही चांगलं डबल कापड लावून, डोप (कापड ताणून घट्ट करणारं वार्निश) न रंग मारून एकदम मजबूत केलं. बाजूच्यानं म्हटलं की आता बॅलन्स पाहा. पॅचचं वजन किती असणार, पाहायची गरज आहे का? (दारव्हा)

उत्तर : बाजूच्याला चहा पाजा.

हिंजच्या मागे लावलेलं वजन हिंजपासून जितकं लांब तितकं भारी पडते. पॅच न रंग मिळून ५० ग्रॅम, हिंजपासून ३० सेंटिमीटर मागे. एलिव्हेटर बॅलन्स करायचं शिसं हिंजच्या पुढे ६ सेंटिमीटरवर असेल तर तेवढ्या पॅचला २५० ग्रॅम शिसं लागेल. ५० ग्रॅमला पाव किलो! अन हे का लागते, तर मागून जड झालेला एलिव्हेटर एका ठरावीक वेगाला स्वतःहून फडफडायला लागतो, त्याला फ्लटर म्हणतात, अन ते सुरू झालं तर शेपूट तुटायला काही सेकंदही पुरतात. स्टिक घट्ट धरून ते थांबत नाही. हिंजमध्ये किंवा रॉड एंडमध्ये खेळ असेल तर ते आणखी कमी वेगाला येऊ शकते.

एलिव्हेटर काढा, हिंजच्या रेषेवर दोन धारदार आधारांवर ठेवा, हवा नको, पंखा बंद करा, न ड्रॉइंगमध्ये मागची कड किती पडायला चालते ते पाहा. काही डिझाइनमध्ये पूर्ण बॅलन्स मागितलेला असते, काहींमध्ये थोडं मागून जड चालते, काही हळू विमानांना लागतच नाही. म्हणून ड्रॉइंग. अन "एकदम मजबूत" हा शब्द वाचून मला भीती वाटली, शेपटीवर मजबुतीसाठी घातलेलं प्रत्येक ग्रॅम पूर्ण विमानाचं वजनही मागे नेते, तेही परत मोजा.

उंदरांचं म्हणाल तर शेडमध्ये तुरीचं पोतं ठेवलं असेल ते पहिले हलवा. कुंभारमाशीही पाहा, ती हिंजच्या खाचेत न पुशरॉडच्या भोकात मातीचं घर बांधते, न ती माती वाळली की एलेरॉन अर्ध्यात अडकते. साळुंकीचं घरटं पंखात सापडणं आपल्याकडे नवीन नाही.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंग सोडून घरी विमान बनवून राहिला. म्हणतो आई, वावरातच थोडं उडवून पाहतो, दहा-पंधरा फूट, त्याला काय परवानगी. खरं का हो? (काटोल)

उत्तर : ताई, खरं नाही. दहा फूट असो का दहा हजार, माणूस बसून उडालं म्हणजे विमान, अन विमानाला डीजीसीएचं (विमानांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) रजिस्ट्रेशन न उडवायची परवानगी लागते, उडवणाऱ्याला लायसन्स लागते. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू आहे, पण ही गोष्ट जुन्या कायद्यातही अशीच होती. त्याला सांगा, बनवायला मनाई नाही, पण बनवणं सुरू करायच्या आधीच डीजीसीएशी बोल, कारण मधले टप्पे कोणी पाहिलेच नाहीत न कापड चढवून झालं तर आतलं काम दाखवायला ते परत फाडावं लागते.

अमोल यादवांचं उदाहरण त्याला माहीतच असेल, मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बनवलं, २०१६ ला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं, रजिस्ट्रेशन मिळालं २०१७ ला न उडवायचा परवाना त्याच्याही नंतर. ते स्वतः व्यावसायिक वैमानिक. म्हणजे वेळ लागते. दहा फुटांवरून पडणं कमी लागते असं त्याला वाटत असेल तर तेही चूक, तेवढ्या उंचीवर सावरायला जागाच नसते.

इंजिनिअरिंगचं तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो, पूर्ण करायला लावा. विमान पळून जात नाही.

प्रश्न : मे महिन्यात संध्याकाळी अचानक वावधान सुटते. विमान बाहेर असलं तर एलेरॉन, एलिव्हेटर फडफडून राहतात. स्टिक सीटबेल्टनं बांधतो, पुरेसं आहे ना? (चिमूर)

उत्तर : झुळुकीला पुरेसं, वावधानाला नाही. स्टिक बांधली की वाऱ्याचा सगळा धक्का एलेरॉनवरून पुशरॉड, बेलक्रँक, केबल असा स्टिकपर्यंत येते, म्हणजे तुम्ही मेहनतीनं सेट केलेली प्रत्येक गोष्ट रात्रभर झटके खाते. लॉक तिथंच लावा जिथं वारा लागते: लाकडाच्या दोन फळ्या, आतून फेल्ट किंवा जुनी चादर चिकटवलेली, एक वरून एक खालून, पंख न एलेरॉन दोन्हीला मिळून पकडणाऱ्या, मधून बोल्ट न विंगनट. कडेला नको, रिबच्या जागी पकडा, नाहीतर कापड दबते. रडर न एलिव्हेटरला तसेच. विमान वाऱ्याच्या तोंडाला नाक करून तीन ठिकाणी बांधा, दोरी नायलॉनची, थोडी सैल. मोठं वावधान येऊन गेलं तर दुसऱ्या दिवशी हिंज, स्टॉप न रॉड एंड परत पाहा.

अन लॉक लावला की तो काढायचा राहून जाते हाच मोठा धोका. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ कंट्रोल लॉक न काढता उडालं न पडलं, त्यावरूनच वैमानिकांची लेखी चेकलिस्ट सुरू झाली. म्हणून प्रत्येक लॉकला लांब लाल पट्टी बांधा, कॉकपिटमधून दिसेल इतकी लांब, अन लॉक किती लावले तो आकडा स्टिकला लटकवा म्हणजे काढताना मोजता येतील. पट्टी रेक्झिनची घ्या, सुती नको. तुमच्याकडे बकऱ्या मोकळ्या फिरतात.